परात वाजवणारे सोपाननाना

सोपाननानांनी जन्मात अंडं खाल्लं नाही, आणि त्यांच्याइतकी अंडी मी जन्मात दुसऱ्या कुणाच्या हातात पाहिली नाहीत. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पांढरी टोपी आणि सायकलच्या कॅरियरवर वेताच्या करंडीत भुशात बसवलेली दहा डझन अंडी, असा हा माळकरी आठवड्यातून दोनदा भोसरीच्या भर रस्त्यातून जायचा. पारावरची मंडळी वाटच बघत बसलेली असायची.

"काय नाना, आज एकादशी न्हवं? फराळाला चालत्यात व्हय?"

"चालत्यात की," नाना पायडल न थांबवता म्हणायचे. "तुमी सोलून ठिवा, मी येताना मीठ आणतो."

सायकल इतकी सावकाश, की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून दमायचे. करंडीतलं एक अंडं फुटलेलं मला आठवत नाही. माझ्या हातून मात्र नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात अकरा फुटली. तेव्हापासून मला अंडी देताना नाना आधी माझ्या हातांकडे बघत, मग वर आकाशाकडे, आणि मग ठेवत.

आमची कंपनी लहान. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका अंगाला लेथवाले, दुसऱ्या अंगाला पत्रा कापणारे, मधे आमची प्रयोगशाळा. आम्ही कोंबड्यांची लस बनवायचो. कोंबड्यांना राणीखेत नावाचा रोग होतो. खेड्यात त्याला मानमोडी म्हणतात, कारण कोंबडी मान पिळवटून मरते. त्या रोगाचा विषाणू नुसत्या बाटलीत वाढत नाही, त्याला जिवंत घर लागतं. ते घर म्हणजे नऊ-दहा दिवस उबवलेलं, आत पिल्लू धरलेलं अंडं. अंड्याला बारीक भोक पाडायचं, सुईने विषाणूचं बी आत सोडायचं, मेणाने भोक बंद करायचं आणि अंडं पुन्हा उबवणीच्या कपाटात ठेवायचं. हे बी जोर कमी केलेल्या विषाणूचं असे. मोठ्या कोंबडीला ते मारत नाही, पण कोवळ्या पिल्लाला झेपत नाही. दोन-तीन दिवसांत पिल्लू मरतं आणि आतलं पाणी विषाणूने भरून जातं. त्या पाण्याची लस.

टोचणीचं हे काम नानांचं. हुद्दा लॅब अटेंडंट, शिक्षण मराठी चौथी, बोटं सोनाराची. आणि अंड्यांचा प्रत्येक ट्रे पुढे आला की टोचण्याआधी ते माळेला हात लावून म्हणत, "माफ करा रं बाबांनो." मग भराभरा तीस सुया.

मी एकदा विचारलं, "नाना, माळकरी माणूस तुम्ही. हे कसं काय जमवता?"

"आमच्या हिनं बावीस कोंबड्या पाळल्या व्हत्या, दामलेसाहेब. मानमोडी आली. सकाळी खुराडं उघडलं तर बावीसच्या बावीस आडव्या. दोन दिस चूल पेटली न्हाई घरात." त्यांनी सुई उजेडाकडे धरून बघितली. "ह्या एका अंड्यात किती कोंबड्यांचं औषध हाय, बाईंना इचारा. मंग मला इचारा."

बाई म्हणजे डॉक्टर नाडकर्णीबाई, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. मुंबईत शिकलेल्या, कडक, आणि परदेशातून येणारी जाड मासिकं दुपारच्या डब्याबरोबर वाचणाऱ्या. मी म्हणजे टेक्निकल असिस्टंट. हे पद ऐकायला भारदस्त आहे, म्हणून माझ्या सासऱ्यांनी मुलगी दिली. प्रत्यक्षात बाटल्यांना चिठ्ठ्या डकवणे, वही लिहिणे आणि टोचणीसाठी विषाणूचं बी तयार करून नानांच्या हातात देणे एवढंच काम. बीएस्सीला मला तिसरा वर्ग होता. पहिला वर्ग होता तो फक्त गोष्टी सांगण्यात. तो आमच्या घराण्याचाच रोग, आणि त्यावर लस नाही.

नानांचा आवाज हे आमच्या कंपनीचं एक यंत्रच होतं. उबवणीच्या कपाटाची वीज गेली की ते असे ओरडत, की शेजारचे लेथवालेही काम सोडून धावत येत. वीज गेल्याचं त्यांनाही दिसलेलंच असायचं, पण नाना ओरडल्याशिवाय ती गेली असं कुणी मानत नसे. साप निघाला, पाणी आलं, मॅनेजरसाहेबांची गाडी फाटकात शिरली, सगळ्याची खबर त्याच पट्टीत. नाडकर्णीबाई सुरुवातीला म्हणायच्या, "नाना, ही प्रयोगशाळा आहे, बाजार नाही." पुढे त्यांनी हे म्हणणं सोडलं. कारण एका दुपारी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग चालू असताना एक ठिणगी आमच्या खिडकीतून आत आली आणि नेमकी नानांच्या सदऱ्याच्या बाहीवर पडली. बाही धुमसायला लागली. नाना ओरडले, "स्पिरिट हलवा! आदी स्पिरिट हलवा!" आम्ही स्पिरिटच्या बाटल्या उचलून पळालो. त्या बाहेर गेल्यावर मग त्यांनी नळाखाली हात धरला. कोपरापाशी चांगला रुपयाएवढा भाजला होता.

बाई मलम लावता लावता रागावल्या. "आधी स्वतःची बाही नाही का विझवायची?"

"बाही पेटली ती पेटलीच व्हती," नाना म्हणाले. "बाटल्या पेटायच्या व्हत्या."

या वागण्याला एक जुना इतिहास होता. तो नाना चहाबरोबर सांगत, आणि मी स्वतः गोष्टीवाला असूनही निमूट ऐकत असे. त्यांच्या आजोबांच्या वेळी गावावर दरोडा आला. यांचं घर वेशीजवळ, म्हणून पहिलं तेच फुटलं. दरोडेखोर आत शिरल्यावर आजोबा भांडले नाहीत की पाया पडले नाहीत. हाताला लागली ती पितळी परात घेतली, मागच्या भिंतीवरून छपरावर चढले आणि बत्त्याने परात बडवत ओरडत सुटले. यांचं घर धुऊन निघालं. पण बाकीच्या घरांनी आतून अडसर घातले, उखळं दाराला लावली, पोरं माळ्यावर चढवली. दरोडेखोर चार दारांवर आपटून निघून गेले. "फौजदार आला चौथ्या दिशी," नाना सांगत. "नाव, गाव, अंगावरच्या खुणा समदं लिवून घेतलं, आन् पुढं त्यानं चोर बी धरले. मानूस हुशार. पर गाव वाचलं ते परातीनं." तेव्हापासून भैरवनाथाच्या उत्सवात पहिला नारळ यांच्या घराचा. आणि नानांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावत असे: "ज्याच्या घरात शिरलं त्यानं वरडावं. आपलं गेलं ते गेलं, शेजाऱ्याचं तरी ऱ्हाईल."

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. टाळण्याजोगा असता तर टाळला असता.

साल अडुसष्ट किंवा एकोणसत्तर. नानांना कंपनीत लागून बरीच वर्षं झाली होती, पण ते अजून हंगामीच. त्या महिन्याअखेर त्यांचा कायम होण्याचा कागद निघणार होता. त्याचं मोल मला तेव्हा नीटसं कळत नव्हतं. आमची प्रयोगशाळा जिथे उभी होती तो नानांच्या कांद्याचा मळा. वसाहतीसाठी जमीन गेली, आणि त्याच जमिनीवर ते अटेंडंट म्हणून लागले. पाहुण्यांना ते सहज दाखवत, "ह्ये बाईंचं टेबल हाय न्हवं, हितं आमची मोट व्हती."

एका सोमवारी सकाळी मी विषाणूच्या बियाची गोठलेली बाटली वितळायला कोमट पाण्याच्या टाकीत ठेवली. रोजची पद्धत अशी, की पाच-सात मिनिटं ठेवायची आणि काढायची. मी ठेवली आणि कॅन्टीनमध्ये गेलो. तिथे विषय निघाला लग्नांचा. माझ्या मावशीच्या लग्नात वऱ्हाड चुकीच्या गावी उतरून दुसऱ्याच मांडवात जेवून आलं होतं, ही गोष्ट मी सांगायला घेतली. ती थोडक्यात सांगता येत नाही. पाऊण तासाने परत येऊन मी बाटली उचलली, वहीत वेळ लिहिली आणि नानांकडे दिली. त्यांनी माफी मागून चार ट्रे टोचले.

मंगळवारी सकाळी माझी नजर टाकीच्या तापमापकाकडे गेली आणि पारा भलताच वर दिसला. बाईंनी कसल्याशा रक्तजलाच्या, म्हणजे सीरमच्या, कामासाठी टाकी छप्पन अंशांवर लावून ठेवली होती. तसं लिहिलेला कागदही टाकीवर डकवला होता. तो डकवणारा मीच. छप्पन अंशांवर पाऊण तास म्हणजे विषाणू ठार. मी चक्क गोष्ट सांगून विषाणू मारले होते.

एकशेवीस अंडी वाया गेली असं बाईंना सांगायची छाती होईना. मी युक्ती काढली. नवी बाटली घेतली, वेगळ्या भांड्यातल्या कोमट पाण्यात ठेवली, या वेळी तिच्यासमोर पहारेकऱ्यासारखा उभा राहिलो, पाच मिनिटांत काढली आणि नानांकडे गेलो.

"नाना, कालचे चार ट्रे पुन्हा टोचायचे."

"कालचेच?"

"हो. आणि… बाईंना सांगायची गरज नाही."

अंडं उजेडावर धरून आतलं पिल्लू जितकं नीट बघतात तितकं नानांनी माझ्याकडे बघितलं. मग "बरं" म्हणाले आणि माळेला हात लावून त्याच एकशेवीस जिवांची दुसऱ्यांदा माफी मागितली. मला वाटलं, सुटलो. मेलेलं बी गेलं होतं, त्यावर जिवंत गेलं. आता पिल्लं शुक्रवारपर्यंत मरणार आणि कुणाला काही कळणार नाही.

शुक्रवारी पिल्लं जिवंत!

अंडी तपासायची आमची एक अंधारी खोली होती. डब्यात दिवा, डब्याला भोक, भोकावर अंडं धरायचं. जिवंत पिल्लू असेल तर लालबुंद शिरांचं जाळं दिसतं आणि मधे काहीतरी चुळबुळतं. मेलं असेल तर सगळं काळपट, गप्प. नाना एकेक अंडं धरत होते आणि प्रत्येक अंडं चुळबुळत होतं. बाईंनी आतल्या पाण्याची चाचणी केली. त्या पाण्यात कोंबडीच्या रक्ताचे थेंब सोडतात. विषाणू असला तर रक्त चटईसारखं पसरतं, नसला तर तळाला गोल लाल ठिपका बसतो. नाना त्याला कुंकू म्हणत. त्या दिवशी जवळपास सगळीकडे कुंकूच.

नेमके तेव्हाच मॅनेजर सरपोतदारसाहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण अंड्यांपेक्षा माणसांवर त्यांचा संशय जास्त. त्यांनी कुंकवाच्या त्या रांगा बघितल्या आणि विचारलं, "टोचतो कोण?"

"सोपाननाना," बाई म्हणाल्या.

"तेच ना, प्रत्येक ट्रेची माफी मागणारे?"

त्यांच्या डोक्यात काय आलं ते संध्याकाळी कागदावर उतरलं. मेमो इंग्रजीत होता, म्हणून नाना तो वाचून घ्यायला शनिवारी माझ्याकडेच आले. दुनियेत इतके इंग्रजी जाणणारे लोक असताना माझ्याकडे. फाटकाजवळच्या बाभळीखाली आम्ही उभे होतो.

"काय म्हनत्यात?"

"म्हणतायत की…" मी तीच ओळ पुन्हा एकदा वाचली. "तुम्ही धार्मिक भावनेपोटी अंड्यांत विषाणूऐवजी मिठाचं पाणी सोडलं, असा कंपनीचा समज आहे. बुधवारपर्यंत खुलासा द्या. नाहीतर कायम करणं राहिलंच, आहे ते कामही…"

नाना आधी हसले. "म्या दया केली म्हनत्यात?" मग हसू हळूहळू विरलं. "दामलेसाहेब, मी रोज माफी मागतो ती मारतो म्हनून. न मारणाऱ्यानं माफी कशाची मागायची?"

"तुम्ही त्यांना सांगा ना," मी म्हणालो. माझा निर्लज्जपणा मला आजही ऐकू येतो. "सांगा, मंगळवारी मी परत टोचायला लावलं म्हणून."

त्यांनी कागदाची घडी घातली, टोपीत ठेवली. "ते तुमचं घर हाय. तुमच्या छपरावर तुमी चडायचं. दुसऱ्याच्या छपरावर चडून वरडू नये, कौलं फुटत्यात."

आणि सायकलवर टांग मारून निघाले. जाताना प्रयोगशाळेकडे एकदा वळून पाहिलं. मोटेच्या जागेकडे की बाईंच्या टेबलाकडे, कोण जाणे. त्याच वावरातून माणसाला दुसऱ्यांदा हाकलायची वेळ आणली होती ती माझ्या मावशीच्या लग्नाने.

रविवार आणि सोमवार मी कासारवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत आणि कंपनीत भुतासारखा वावरलो. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. सांगताना सवयीने जरा रंगवूनही सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "गोष्ट चांगली आहे. पण मला कशाला सांगताय? मी काय मॅनेजर आहे?"

मंगळवारी सकाळी मी बाईंच्या टेबलापुढे उभा राहिलो आणि बोललो. टाकी, बाटली, कॅन्टीन, मावशी, दुसरी टोचणी, सगळं. नाना कोपऱ्यात काचा पुसत होते. त्यांचा हात थांबला, पण त्यांनी वर पाहिलं नाही.

बाईंचा चेहरा आधी लाल झाला. मी मनातल्या मनात सासऱ्यांना तोंड कसं दाखवायचं ते ठरवत होतो. मग अचानक त्या म्हणाल्या, "थांबा. बाटली किती वेळ होती छप्पनवर?"

"वऱ्हाड दुसऱ्या मांडवात जेवायला बसलं…"

"मिनिटं सांगा!"

"पंचेचाळीस."

"आणि दुसरी टोचणी दुसऱ्या दिवशी. ताज्या, जिवंत बियाने. याच अंड्यांत."

"हो."

"आणि तरी पिल्लं मेली नाहीत?" त्या खुर्चीतून उठल्या. त्यांच्या डोळ्यांत राग शोधला, तर तिथे भलतंच काही होतं. "नाना, दामले, इकडे या. दोघंही."

कपाटातून त्यांनी ते जाड मासिक काढलं आणि कागदावर खूपसे गोल काढले. म्हणाल्या, शरीर म्हणजे अशा असंख्य पेशी, एकमेकींना लागून असलेली घरंच म्हणा. विषाणू एका पेशीत शिरतो, तिच्याकडून स्वतःच्या नकला काढून घेतो आणि त्या नकला शेजारणींकडे जातात. पण ज्या पेशीत तो शिरला, तिला आपल्यात कोणी परकं आल्याचं कळतं. मग ती एक प्रथिन तयार करून बाहेर सोडते. त्याचं नाव इंटरफेरॉन.

"त्ये इषाणूला मारतं?" नानांनी विचारलं.

"नाही, तेच तर नवल. विषाणूला ते हातसुद्धा लावत नाही. ते शेजारच्या पेशींना जाऊन लागतं, आणि त्या सावध होतात. आपल्या आतला कारभार असा बदलतात, की विषाणू आला तरी त्याला तिथे नकला काढता येत नाहीत. आपल्या अंड्यांत सोमवारी मेलेले विषाणू गेले. ते वाढू शकत नव्हते, पण पेशींना सावध करायला तेवढे पुरले. मंगळवारी खरे आले, तोवर…"

"समद्यांनी अडसर घातले व्हते," नाना म्हणाले.

"कसले अडसर?" बाईंनी विचारलं.

"परात हाय ती, बाई."

बाईंना परात कळेना, म्हणून मी दरोड्याची गोष्ट सांगायला तोंड उघडलं. "तुम्ही नको," त्या म्हणाल्या. "नाना सांगतील." नानांनी चार वाक्यांत सांगितली. बाई एकदम खळखळून हसल्या. त्यांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"आणि अँटीबॉडी, ज्या आपल्या लशीमुळे कोंबडीच्या अंगात तयार होतात," त्या म्हणाल्या, "त्या वेगळ्या. त्या शत्रूच्या खुणा ओळखून नेमका त्यालाच धरतात, पण तयार व्हायला कित्येक दिवस लागतात. इंटरफेरॉन काही तासांत."

"फौजदार," नाना मान हलवत म्हणाले. मग माझ्याकडे वळले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "तुमी फौजदार हाय, दामलेसाहेब. येता, पर चौथ्या दिशी."

सरपोतदारसाहेबांना हे पटणं अवघडच होतं. "म्हणजे अंडी एकमेकांत बोलतात, असं तुम्ही मला सांगताय?" असं त्यांनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, सांगत नाही, दाखवते. ताज्या अंड्यांचे दोन ट्रे घेतले. एकात बाईंनी मुद्दाम छप्पन अंशांवर मारलेलं बी टोचलं, दुसऱ्यात नुसतं मिठाचं पाणी. दुसऱ्या दिवशी दोन्ही ट्रेंत जिवंत बी, तेही बाईंनी स्वतः. नानांनी सुईला हात लावायचा नाही, मी टाकीला हात लावायचा नाही आणि कॅन्टीनलाही जायचं नाही. मेमोच्या खुलाशाची मुदत तेवढ्यापुरती वाढवून घेतली.

ते तीन दिवस फार लांब होते. नाना नेहमीसारखे काचा पुसत, वीज गेली की ओरडत. पण कपाटापाशी गेले की जरा रेंगाळत. एकदा मी म्हणालो, "नाना, पिल्लं वाचली तर तुम्ही वाचलात."

"वाचली म्हंजी काय, साहेब? तपासलं की ती समदी जायची उकळायलाच. आपल्या हितनं कुनी कोंबडी हून जात न्हाई." मग म्हणाले, "पर जाता जाता खरं सांगून जावीत, एवढंच मागनं हाय."

तपासणीला अंधाऱ्या खोलीत आम्ही चौघं. सरपोतदारसाहेब स्वतः डब्याच्या भोकाशी डोळा लावून बसले, नाना एकेक अंडं धरत होते. मिठाच्या पाण्याचा ट्रे आधी. काळं. काळं. काळं. सगळा ट्रे गप्प. मग दुसरा. पहिलंच अंडं धरलं आणि साहेब दचकून मागे सरले. "अहो, हे हलतंय!"

"हलनारच, साहेब. शेजारी जागं हाय."

तीसपैकी चार-पाच गेली होती, बाकी सगळी चुळबुळत होती. साहेबांनी शेवटची काही अंडी तर नानांच्या हातातून घेऊन स्वतःच धरली, जत्रेत पेटीतली चित्रं बघावीत तशी. बाहेर उजेडात आल्यावर डोळे चोळत म्हणाले, "म्हणजे यांनी दया केली नव्हती."

"न्हाई साहेब," नाना म्हणाले. "शेजाऱ्यावर दया करायची अक्कल त्या पिल्लाच्या अंगातच हाय. आपन उगाच नाव घेतो."

महिनाअखेरीस त्यांचा कागद निघाला. तोही इंग्रजीत. तो वाचून दाखवताना माझा आवाज जरा चढलाच, आणि लेथवाले बाहेर आले. मलाही एक मेमो मिळाला, तो रास्तच होता. शिवाय पुढची दहा वर्षं आख्खी वसाहत मला छप्पन म्हणत होती. दामले कोण, असं विचारलं तर भोसरीत कुणी सांगितलं नसतं.

त्यानंतर परात नानांच्या बोलण्यातून हटली नाही. एका पावसाळ्यात फ्लूची साथ आली, मी तापाने फणफणलो आणि घरात हलकल्लोळ मांडला. पेनिसिलिन द्या, मोठं इंजेक्शन द्या. नाना सायकल मारत कासारवाडीला आले. नाडकर्णीबाईंचा निरोप होता, की पेनिसिलिन जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. डॉक्टरांनी दिलेली तापाची गोळी घ्या आणि पडून राहा.

"पण नाना, अंग किती ठणकतंय!"

"बाई म्हनल्या, त्ये ठणकनं समदं इषाणूचं न्हाई. निम्मं परातीचं हाय. आत हाकाटी चाललीया तुमच्या." मग माझ्या बायकोकडे वळून म्हणाले, "वैनी, परात लई वाजली तरी गावाला झोप लागत न्हाई, तवा गोळी टायमावर द्या. पर ह्यांनी ह्ये तोंडानं जे वरडनं चालवलंय, त्येला काय औषध न्हाई." आणि दाराबाहेर पडल्यावर आमच्या चाळीच्या प्रत्येक दाराशी थांबून त्यांनी माझ्या तापाची बातमी खणखणीत आवाजात सांगितली. पंधरा दिवस माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. पण चाळीत दुसरं कुणी आजारीही पडलं नाही.

नाना निवृत्त झाले. बाई मुंबईला गेल्या. गेल्या वर्षी वर्तमानपत्रात इंटरफेरॉनवर मोठा लेख आला, की आता हे औषध म्हणून बाटलीत मिळणार, मोठमोठ्या आजारांवर चालणार वगैरे. मी कात्रण घेऊन भोसरीला नानांकडे गेलो. ओसरीवर बसून त्यांना वाचून दाखवलं. इंग्रजी नव्हतं, पण वाचून दाखवायची सवय.

"म्हंजी परात बाटलीत भरली व्हय?" ते म्हणाले. "भरू द्या. पर वाजवायची कवा, त्ये बी लिवा म्हनावं बाटलीवर. न्हाईतर एखादा छप्पन भेटायचा."

चहा झाला. भाजलेल्या कोपराचा डाग मला दाखवून त्यांनी नातवाला स्पिरिटची गोष्ट सांगितली. मग मला थांब्यावर सोडायला निघाले, तर मीच नको म्हणालो. सत्तरी उलटलेला माणूस. "मंग म्होरल्या थांब्यापातूर शेतातनं जातो, तितं देवळात काम हाय," असं म्हणून ते पायवाटेने गेले. मी बसमध्ये बसलो.

पुढच्या वळणावर बस कचकन थांबली. रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात वर करून, नाना उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं, टोपी एका कानावर, एक चप्पल गायब. रस्ता ओलांडताना, वळणापलीकडे पाइपलाइनसाठी खणून तसाच उघडा टाकलेला चर त्यांनी स्वतः पडून शोधला होता.

"हळू! म्होरं खड्डा हाय! डावीकडनं घ्या!"

"आजोबा, लागलं का?" ड्रायव्हरने विचारलं.

"माझं ऱ्हाऊ द्या! मागल्यास्नी सांगा!"

ड्रायव्हरने बस डावीकडून काढली. खिडकीतून पाहिलं तर चर चांगला कमरेइतका, आणि आमच्या मागून एक टेम्पो भरधाव येत होता. मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो आणि आयुष्यात ओरडलो नव्हतो इतक्या जोराने ओरडलो, "हळू! पुढे खड्डा आहे!"

टेम्पोवाल्याने ब्रेक मारला. लगेच मान वळवून तो मागच्या सायकलवाल्यांना ओरडताना दिसला. रस्त्याच्या कडेला, धुळीत, एका पायावर उभे राहून नाना चपलेतला चिखल झटकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात हलवला.

"येळेवर, दामलेसाहेब!" ते ओरडले. "ह्या टायमाला येळेवर!"